विश्लेषण : जालन्याहून मसाई माराला मधुचंद्र... मुहूर्त, पाऊस आणि कराचे गणित जुळणार कसे?

परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रीवेळीच कापला जाणारा कर, म्हणजे टीसीएस, १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के झाला आहे. आधी १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के असा दर होता. मधुचंद्रासाठी केनिया-टांझानियाच्या आलिशान सफारीचा विचार करणाऱ्या जोडप्यांना याचा थेट फायदा होतो, कारण अशा सहलीचा खर्च सहज १० लाखांच्या पुढे जातो. पोलाद, बियाणे आणि मोसंबीवर पैसा फिरणाऱ्या जालन्यासारख्या जिल्ह्यात कराबरोबर आणखी एक पेच आहे. आपल्याकडील लग्नाचा हंगाम आणि आफ्रिकेतील सफारीचा हंगाम एकमेकांना पाठ दाखवून उभे आहेत.

लग्नसराई आणि सफारीचा हंगाम का जुळत नाहीत?

तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई आषाढात चातुर्मास लागला की थांबते. मधल्या पौषातही बहुतेक घरे मुहूर्त धरत नाहीत. मराठवाड्यात खरा जोर एप्रिल-मेमध्ये असतो. रब्बी घरात आलेली, कापसाचे पैसे हाती पडलेले, शाळांना सुट्ट्या. नेमक्या याच काळात, मार्चअखेरपासून मेपर्यंत, केनिया आणि उत्तर टांझानियात मोठा पाऊस असतो. काळ्या मातीच्या वाटांवर गाड्या रुततात, गवत उंच वाढल्याने प्राणी दिसणे अवघड होते आणि काही कॅम्प तर या काळात बंदच असतात. मेमधील पॅकेज स्वस्त मिळते त्याचे कारण हेच.

ज्या दृश्यासाठी लोक आफ्रिकेला जातात, ते लाखो विल्डबीस्टचे स्थलांतर आणि मारा नदी ओलांडणारे कळप, साधारण जुलै ते ऑक्टोबरदरम्यान मसाई मारा आणि सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला दिसते. म्हणजे आपला चातुर्मास. त्या काळात जालन्यात लग्न नाही, पण लग्न होऊन गेलेल्यांना प्रवासाला कोणी अडवलेले नाही. मेमध्ये लग्न झालेल्या जोडप्याने जवळ कुठेतरी चार दिवस घालवून मोठा प्रवास ऑगस्ट-सप्टेंबरला ठेवणे शहाणपणाचे. खरिपाची पेरणी आटोपलेली असते, पासपोर्ट-लसीला वेळ मिळतो आणि लग्नाच्या खर्चाचा हिशेबही तोवर घरात झालेला असतो.

दुसरी खिडकी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची. या काळात कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील न्दुटूच्या मैदानात असतात, पिल्ले जन्मतात आणि त्यांच्या मागावर सिंह, चित्ते असतात. माघातल्या मुहूर्ताला लग्न झालेल्यांसाठी हा काळ सर्वात सोयीचा. कार्तिक-मार्गशीर्षात लग्न करून लगेच निघालेल्यांना नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस लागतो. तो मोठ्या पावसाइतका अडवत नाही. मात्र नाताळ ते नववर्ष हे दिवस जगभरच्या पर्यटकांचे, तेव्हाचे दर चढे असतात.

खर्च नेमका कशाचा?

‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतला, अर्थ प्रवास. त्याचे मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे मराठीतल्या सफरीचे सख्खे भावंड. आलिशान सफारीत मात्र प्रवासापेक्षा मुक्कामाचे बिल मोठे असते. चांगल्या तंबू-निवासाचा दर खोलीला नव्हे, माणशी सांगितला जातो. माणशी एका रात्रीचे ५०० डॉलरपासून हजार-दीड हजार डॉलर आणि त्याहूनही वर. ‘एका रात्रीचे ८०० डॉलर’ ऐकून खोलीचा दर समजणाऱ्यांची फसगत इथेच होते. दोघांचे सहा रात्रींचे ९६०० डॉलर होतात. डॉलर ९० रुपये धरला तर ८ लाख ६४ हजार. यात बहुधा जेवण आणि दिवसातून दोन वेळची जंगलफेरी येते. विमानभाडे येत नाही.

त्यानंतर प्रवेशशुल्क. मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ पर्यटकाला २०२४ पासून जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर पडतात. म्हणजे तीन दिवसांचे दोघांचे जूनपर्यंत ६०० डॉलर (५४ हजार रुपये) आणि जुलैपासून १२०० डॉलर (१ लाख ८ हजार). अनेक पॅकेजमध्ये हे शुल्क ‘समाविष्ट नाही’ या ओळीत बारीक अक्षरांत असते. टांझानियात राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्कावर १८ टक्के व्हॅट लागतो. तिथल्या एन्गोरोंगोरो विवरात गाडी उतरवायची तर त्याचे वेगळे पैसे, तेही दर फेरीला.

महाग म्हणजे चांगले का?

नेहमीच नाही. स्वतंत्र पोहण्याचा तलाव आणि तंबूतली मोठी न्हाणी यांचे पैसे मोजूनही सकाळी एका सिंहाभोवती वीस गाड्यांच्या गराड्यात बसावे लागू शकते. माराच्या सीमेवर नाबोईशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशी मसाई जमीनमालकांनी भाडेपट्ट्याने दिलेली संवर्धन क्षेत्रे आहेत. तिथे खाटांची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते, रात्रीची फेरी आणि वाटाड्यासोबत पायी फिरणे शक्य होते. मुख्य राखीव क्षेत्रात ते चालत नाही. भाडेपट्ट्याची रक्कम मसाई कुटुंबांना मिळते. जास्तीचे पैसे खर्चायचेच असतील तर ते न्हाणीपेक्षा इथे खर्चावेत.

चैनीच्या मर्यादेचा वाद आफ्रिकेतही सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मसाई मारात रिट्झ-कार्लटनचा कॅम्प उघडला, तेव्हा तो स्थलांतराच्या वाटेत येतो असा आक्षेप घेत एका मसाई अभ्यासकाने नारोकच्या न्यायालयात धाव घेतली. केनियाच्या वन्यजीव विभागाने हा आक्षेप फेटाळला. मुद्दा मात्र खरा आहे. नदीकाठची जी जागा पर्यटकाला सर्वात देखणी वाटते, तीच प्राण्यांनाही लागते.

टीसीएस आणि जीएसटीचा हिशेब कसा?

१२ लाखांचे पॅकेज धरू. जुन्या दराने १० लाखांवर ५ टक्के म्हणजे ५० हजार आणि वरच्या २ लाखांवर २० टक्के म्हणजे ४० हजार, एकूण ९० हजार रुपये टीसीएस जात होता. आता ढोबळ मानाने २४ हजार जातील. सहल आयोजकाचा ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६० हजार, पूर्वीप्रमाणेच आहे आणि तो परत मिळत नाही.

टीसीएस मात्र परत मिळू शकतो. तो वेगळा कर नाही, आगाऊ घेतलेला प्राप्तिकर आहे. ज्याच्या पॅनवर तो भरला गेला, त्याने विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा करायचा किंवा परतावा मागायचा. जालन्यात गोम आहे ती इथे. घनसावंगी-अंबडच्या मोसंबी बागायतदाराचे शेतीचे उत्पन्न करमुक्त असते आणि केवळ तेच उत्पन्न असलेली अनेक घरे विवरणपत्र भरत नाहीत. मुलाच्या मधुचंद्राचे पैसे वडिलांनी भरले आणि पावती वडिलांच्या पॅनवर निघाली, तर त्या वर्षी वडिलांनी विवरणपत्र भरल्याशिवाय ते २४ हजार घरी येणार नाहीत. नोकरी करणारा मुलगा किंवा सून विवरणपत्र भरत असेल तर आरक्षण आणि पैसे त्यांच्याच नावाने करणे सोपे. पॅन दिलाच नाही तर टीसीएसचा दर वाढतो.

फक्त विमानाचे तिकीट किंवा फक्त हॉटेल स्वतंत्रपणे घेतले तर ते ‘परदेशी सहल पॅकेज’ ठरत नाही, असे प्राप्तिकर खात्याने २०२३ मध्येच स्पष्ट केले आहे. परदेशातील कॅम्पला बँकेतून थेट पैसे पाठवले तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेचे नियम लागतात. त्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर.

रोखीचा मोह टाळावा. एका व्यवहारापोटी २ लाख वा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो, त्यामुळे सरळमार्गी आयोजक ती घेणार नाही. आणि ‘रोख द्या, जीएसटी वाचवतो’ म्हणणाऱ्याकडे पावती नसते. सहल रद्द झाली तर दाद मागायला हातात कागद उरत नाही. लग्न, रोकड आणि प्राप्तिकर यांचा संबंध जालनेकरांना नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये पोलाद उद्योगावर छापे पडले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाचे फलक लावून शहरात शिरल्या होत्या आणि ५६ कोटींची रोकड सापडली होती.

व्हिसा आणि लसीत चूक कुठे होते?

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन पूर्वपरवानगी, ई-टीए, सुरू केली. तिचे शुल्क ३० डॉलरच्या आसपास आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच परवानगीचे कितीतरी जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट केई’ असल्याचे पाहावे. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा, ५० डॉलरचा. केनिया, युगांडा आणि रवांडासाठी चालणारा १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा टांझानियात चालत नाही, आणि मारा-सेरेंगेटी-झांझिबार असा बेत आखणाऱ्यांचा घोळ नेमका इथे होतो. झांझिबारच्या किनाऱ्यावर जायचे तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथला ४४ डॉलरचा विमाही सक्तीचा आहे.

पीतज्वराच्या लसीबाबतचा गैरसमज सर्वात महागात पडू शकतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून लस लागत नाही असे सांगितले जाते. ते मागितले जाते परतताना, भारतात. केनिया, युगांडासारख्या जोखमीच्या देशांतून प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, गावातल्या दवाखान्यात नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि मग आयुष्यभर चालते. हळदीच्या धांदलीत ते दहा दिवस निघत नाहीत, म्हणून साखरपुडा झाला की केंद्रावर नोंदणी करावी. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदर स्त्रीला ती सहसा देत नाहीत. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही त्याच भेटीत विचाराव्यात.

सुनेच्या पासपोर्टवरचे नाव हा घरात हमखास निघणारा विषय. माहेरच्या नावाचा वैध पासपोर्ट लग्नानंतरही चालतो. नाव बदलण्याची सक्ती नाही. तिकीट, ई-टीए आणि लसीचे प्रमाणपत्र मात्र पासपोर्टवरच्याच नावाने हवे. पत्रिकेत छापलेले सासरचे नाव तिकिटावर गेले की विमानतळावर अडचण येते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

जालन्याहून निघायचे कसे?

चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच असले तरी आफ्रिकेसाठी मुंबई गाठावीच लागते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने रस्त्याने जाणे सोपे झाले आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली मुंबईची वंदे भारत आता नांदेडहून जालनामार्गे धावते. मुंबई-नैरोबी थेट विमानाला सुमारे सहा तास लागतात.

आयोजक कोणीही असो, पैसे भरल्यावर कॅम्पने दिलेला आरक्षण क्रमांक मागून घ्यावा आणि कॅम्पला स्वतः ई-मेल करून तो तपासावा. सहल रद्द झाल्यास किती परत मिळेल हे लेखी हवे. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी टांझानियात हिंसाचार होऊन संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. केनियातही जून २०२४ मध्ये मोठी आंदोलने झाली. दोन्ही वेळा प्रवाशांचे बेत विस्कटले. विम्यात अशा कारणाने झालेले नुकसान धरलेले आहे का, हे हप्ता भरण्याआधी वाचावे.

जेवणाची चिंता करण्याचे कारण नाही. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे, आणि आधी कळवले तर चांगले कॅम्प शाकाहारी आणि जैन जेवणही करतात. सामानाचे मात्र पाहावे लागेल. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी १५ किलोच सामान चालते, हातातली पिशवी धरून, तेही मऊ बॅगेत. चाकांच्या टणक बॅगा नैरोबीच्या हॉटेलात ठेवाव्या लागतात. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आहे. त्यामुळे आईने बांधून दिलेला चिवडा आणि लाडू स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरून न्यावेत.