मुंबई–रत्नागिरी : पर्याय ढीगभर, सोय कुणाची?

गणपती जवळ आले की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. "दादा, मुंबईहून रत्नागिरीला यायला सगळ्यात बरं काय?" दरवर्षी उत्तर देतो. यंदा जरा सविस्तर देतो, कारण डोकं तापलंय.

माझा एक मित्र कामासाठी जपानला जाऊन आला. सांगत होता, टोकियोहून ओसाकाला जायचं तर बुलेट ट्रेन आहे, विमान आहे, रात्रीची स्वस्त बस आहे. पाचशे किलोमीटर अंतर, बुलेटने अडीच तास. ही लाइन त्यांनी १९६४ साली सुरू केली. तिथे माणूस एवढंच ठरवतो की वेळ वाचवायचा की पैसे. आपलं अंतर त्याहून कितीतरी कमी. आणि आपण ठरवतो काय? उभं राहून यायचं की संडासाजवळ बसून!

आता एकेक पर्याय बघू.

वंदे भारत : छान गाडी आहे, नाकारत नाही. जून २०२३ मध्ये सुरू झाली. पण पावसाळी वेळापत्रक लागलं की आठवड्यातून सहा दिवस धावणारी गाडी तीनच दिवस धावते. आणि गणपती येतात कधी? पावसाळ्यातच! तिकीट कुणाला परवडतं, तो प्रश्न वेगळाच.

बाकीच्या एक्सप्रेस : बुकिंग उघडतं ६० दिवस आधी आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. ज्याला मालक सुट्टी चार दिवस आधी सांगतो, त्याने काय करायचं?

स्वतःची गाडी : हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. आणि सावित्रीचा पूल पडला २०१६ मध्ये, तो वर्षाच्या आत नवा उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर होतं. मनात आणायचं कुणी, एवढाच प्रश्न.

खाजगी बस : एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असा सरकारचाच २०१८ चा नियम आहे. सणाच्या आदल्या रात्री तिकीट काढून बघा, नियम कुठे झोपलाय ते कळेल.

लालपरी : महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना फुकट. गरिबाला आजही तीच वाली. पण धावणार त्याच रस्त्यावरून ना!

बोट : २०२५ मध्ये मुंबई–जयगड रो-रोची घोषणा झाली. तिकीट माणशी अडीच हजारांपासून. चौघांचं कुटुंब असेल तर जायलाच दहा हजार. आपल्या आजोबांनी बोटीने मुंबई गाठली ती स्वस्त म्हणून, हौस म्हणून नव्हे.

आणि आता खरा मुद्दा. रत्नागिरी–दादर पॅसेंजर.

दापोली-खेडकडचा मजूर, संगमेश्वरची म्हातारी, लालबाग-परळमध्ये खोली असलेला चाकरमानी, या सगळ्यांची हक्काची गाडी. रिझर्व्हेशन नको, लहान स्टेशनांवर थांबणारी, थेट दादरला सोडणारी. करोनात बंद झाली आणि परत आली ती दिव्यापर्यंतच. आठेक तास प्रवास करून दिव्याला उतरायचं, मग नारळ, तांदूळ, लहान पोरं सांभाळत जिना चढायचा आणि खच्चून भरलेल्या लोकलमध्ये घुसायचं. सत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगून बघा.

कारणं सांगतात. फलाट मोकळा नाही, वेळ बसत नाही. अहो, मग करोनाआधी हीच गाडी दादरला उभी राहत होती ती काय हवेत?

काही जण म्हणतील, सारखं रडता, आधी तर रेल्वेच नव्हती. खरं आहे. कोकण रेल्वेने आपलं आयुष्य बदललं, ते विसरायचं नाही. पण त्यासाठी आपल्या लोकांनी जमिनी दिल्या. वर आपलं भाडं प्रत्यक्ष अंतराला नाही, ४० टक्के जास्त अंतर धरून घेतलं गेलं. अवघड मार्ग म्हणून आपण तेही भरलं. बदल्यात काय मिळालं? दुहेरी लाइन झाली ती रोहा ते वीर, सुमारे ४७ किलोमीटर. वीरच्या पुढे रत्नागिरीपर्यंत तीच एकेरी लाइन, आणि क्रॉसिंगला थांबून राहायचं कुणी, तर पॅसेंजरने.

माझं म्हणणं सरळ आहे. मार्ग किती चांगला, हे त्यावरच्या सगळ्यात महागड्या गाडीवरून नाही, सगळ्यात स्वस्त गाडीवरून ठरवा. ज्यांच्याकडे आधीच चार पर्याय आहेत त्यांना पाचवा द्यायचा आणि ज्याच्याकडे एकच होता त्याचा तो दिव्याला तोडायचा, याला विकास म्हणायचं नाही.

म्हणून मागणीही एकच. पॅसेंजर परत दादरला न्या. यासाठी नवा पूल नको, बोगदा नको, परदेशी कर्ज नको. एक वेळापत्रक बदलायचंय.

मतं मागायला गावात कुणीही येऊ दे, कुठल्याही पक्षाचा. रस्ता, बोट, विमान सगळं ऐकून घ्या. मग शांतपणे विचारा, "साहेब, आमची गाडी दादरला कधी जाणार?"

तारीख सांगितली तर खाली कमेंटमध्ये लिहा. मी जपून ठेवतो.