पेटीवरची चिठ्ठी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली, तेव्हा ती महाराजांचीच की नाहीत यावर घरोघर वाद झाले. तसे खात्रीने सांगता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. माझे लक्ष मात्र पेटीकडे गेले. तीवर इंग्रजीत लिहिले आहे की, शिवाजीने या नखांनी ‘मोगल सेनापती’स मारले! वाचकहो, अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशहाचा, हे आपल्याकडचे चौथीतले पोरही सांगेल.

असला मजकूर तपासून घेण्यासाठी युरोपातली काही संग्रहालये आता, वस्तू जिथल्या तिथल्याच अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. काही महिने राहायचे, कपाटे उघडायची, जुन्या नोंदी चाळायच्या. कल्पना चांगली आहे.

नायजेरियातले बेनिन शहर घ्या. १८९७ साली इंग्रजी फौजेने ते लुटले आणि तिथल्या राजाला, म्हणजे ओबाला, कालाबारला हद्दपार केले. लुटीतल्या हजारो वस्तू जगभर विकल्या गेल्या. त्यांतल्या ओतीव मस्तकांना संग्रहालयांत ‘पितळी डोके’ अशी चिठ्ठी लागली. मापे लिहिली, झाले काम! पण तिथल्या एडो भाषेत ‘आठवणे’ या क्रियापदाचा शब्दशः अर्थच ‘धातूत आकृती ओतणे’ असा आहे. नवा ओबा ही मस्तके वाडवडिलांच्या वेदीवर ठेवी. म्हणजे काचेमागे बसले आहेत ते आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांचे नातलग! ही गोष्ट फूटपट्टी लावून कळायची नाही. ती भाषा घरात बोलणाराच सांगणार. २०२२ साली ‘डिजिटल बेनिन’ ही सूची झाली. तीत तेव्हा वीस देशांतल्या १३१ संस्थांमधल्या पाच हजारांवर वस्तू होत्या, आणि एडो नावेही होती.

पण एक गोष्ट मला खटकते. शिष्यवृत्तीचे पैसे त्यांचे, मुदत त्यांची, व्हिसाही त्यांचाच. आपल्या भांड्यावर आजीचे नाव घातलेले असावे, ते वाचायला आपल्यालाच बोलवावे, चहा पाजावा आणि भांडे पुन्हा फडताळात ठेवून द्यावे, तशातली ही तऱ्हा. बर्लिनने २०२२ साली ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्यांतल्या तिसरा हिस्सा उसन्या म्हणून बर्लिनमध्येच राहिल्या, पण निदान आता मालक कोण ते ठरले. ब्रिटिश म्यूझियमकडे नऊशेंवर वस्तू आहेत. ते १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते.

तरीही बोलावणे आले तर जावे, असेच मी म्हणेन. आपल्या घरात कोणी इतिहास घेऊन बी. ए. करीत असेल, तर त्याला किंवा तिला या दिवाळीच्या सुटीत मोडी शिकायला बसवा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागदही आहेत.