चरबी स्वस्थ बसत नाही



‘लठ्ठपणा हे शहरी दुखणे, पेठसारख्या आदिवासी तालुक्यात त्याची चर्चा कशाला?’ असा सवाल करणारे पत्र गेल्या अंकात वाचले. कुपोषणाबद्दलची पत्रलेखकाची तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही.

चरबी म्हणजे निव्वळ साठवण, हा समज १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाच्या शोधाने मोडीत निघाला. चरबीच्या पेशी संप्रेरके स्रवतात. चरबी वाढली की दाह चेतवणारे लेप्टिन वाढते आणि दाह आवरणारे अ‍ॅडिपोनेक्टिन घटते. विषाणू शिरण्याआधीच शरीरात मंद दाह धुमसत असतो. २००९ चा स्वाइन फ्लू आणि पुढे कोविड, दोन्ही साथींत लठ्ठ रुग्णांना गंभीर आजाराचा धोका अधिक होता. त्यामागचे हे एक कारण मानले जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आढळले, की पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने खूपच कमी असतात. पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. अशी बाळे मोठी झाल्यावर शिडशिडीत दिसली, तरी चरबीचे धोके त्यांना टळत नाहीत. म्हणूनच हा विषय पेठचाही आहे.

माझी विनंती एवढीच : आरोग्य केंद्रांत वजनासोबत कंबरही मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे सावध व्हावे. अशा रुग्णाला ताप-खोकला आला, तर त्याला दोष न देता लवकर तपासावे.

— एक वाचक, पेठ (जि. नाशिक)