हातभट्टीतला 'हात'

हातमागाचे वस्त्र आपण आदराने नेसतो, हातकागदावर निमंत्रणपत्रिका छापून घेतो. 'हातभट्टी' म्हटले की मात्र नाक मुरडतो. गंमत अशी की, अंधेरीच्या टॅपरूममध्ये तोच हात 'क्राफ्ट' हे नाव धारण करून फळ्यावर मिरवतो आणि त्याला दामही चढा मिळतो.

हातभट्टी ऊर्ध्वपातनाची आणि बिअर निव्वळ आंबवण्याची, हा भेद आम्हांस मान्यच आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याला मात्र तो मान्य नाही. विकण्यासाठी असो वा घरच्या पंगतीसाठी, परवान्यावाचून दोन्ही करणे गुन्हाच.

या गुन्ह्यात विद्या किती आहे, ते पाहू. पाच लिटर बिअरची वीस लिटर करणे म्हणजे साहित्य चौपट घेणे नव्हे; पन्नास पानांसाठी इडलीचे पीठ भिजवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे ठाऊक असते. पातेले मोठे होते तसे त्याचे आकारमान पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते. त्यामुळे मोडवलेल्या जवाचा उकळता काढा निवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात नको ते जंतू शिरतात. नेहमीच्या एल-यीस्टला वीस अंशांच्या आसपासची हवा मानवते; घाटकोपर-मुलुंडच्या खोलीत मे महिन्यात पारा तिशीपलीकडे असतो, शिवाय आंबताना यीस्टची स्वतःची ऊब असतेच. म्हणून मोठी डेग नसलेला माणूस लहान टोपात दाट काढा उकळतो आणि उकळून गार केलेले पाणी मिसळून माप पुरे करतो. वीस लिटरचे एक पिंप न भरता दहा-दहाची दोन भरतो. त्यांना ओले फडके गुंडाळतो. विरजणाप्रमाणे यीस्टही मापात वाढवतो. साधनांची उणीव येथे बुद्धीने भरून निघते.

यावर २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, त्याचे काय, असे विचारले जाईल. प्रश्न रास्तच आहे. परंतु ती माणसे जव आंबवल्याने मेली नाहीत. स्वस्त नशा विकणाऱ्यांच्या मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यातल्या रसायनाने, ती मारली. मारक ठरला तो धंदा, हात नव्हे.

अमेरिकेने १९७८ साली हा भेद ओळखला: घरच्या बिअरला वर्षाकाठी २०० गॅलनची मर्यादा घालून मुभा दिली, विक्रीला दिली नाही. अशी मर्यादा आपणही घालावी, असे आमचे मत आहे. आणि साहित्याच्या अभ्यासकांनी एवढे तरी करावे: आपल्या कथा-कादंबऱ्यांत हातभट्टी बहुधा उद्ध्वस्त संसाराची खूण म्हणूनच येते. ते दुःख खरे आहे. पण भट्टीपाशी बसलेल्या माणसाला काय येत होते, हा प्रश्न आपण त्या पानांना फारसा विचारलेला नाही. तो आता विचारायला हवा.