अंगणातील अंकगणित

गणित रुक्ष आहे असे म्हणणाऱ्यास आम्ही आजवर आळशी समजत आलो. पस्तीस वर्षे शाळेत हा विषय शिकविल्यावर मनुष्यास इतका अहंकार असावयाचाच. परंतु गेल्या चातुर्मासात आमच्या नातीने व तिच्या आजीने मिळून तो बराच उतरविला. ती हकीकत मुलेबाळे असलेल्या घरांस उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहो.

नात नऊ वर्षांची. सहामाहीत गणितात फारच थोडे गुण पडले आणि तेव्हापासून ‘मला गणित येतच नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी बसले. गुणांपेक्षा आम्हास भीती वाटली ती या वाक्याची. शिकवणी लावण्याचे चिरंजीवांनी काढले, तेव्हा आम्ही मोठ्या ऐटीने ते काम पत्करले. महिनाभर पाढे झाले, फळ मात्र एवढेच, की सायंकाळ झाली की मुलीचे पोट दुखू लागे.

एके दिवशी पहाटे ती आजीजवळ तुळशीपुढे बसली होती. आजी ठिपके घालीत होती. पहिल्या ओळीत एक, पुढे दोन, तीन, असे सातापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकावर उतरणारे. ‘आजी, सगळे किती गं?’ ‘मोज की!’ मोजले, एकोणपन्नास भरले. दुसऱ्या दिवशी पाचापर्यंतची रांगोळी होती, तिचे पंचवीस झाले. सहाचे छत्तीस. चवथ्या दिवशी पोर धावत आमच्याकडे आली. ‘आजोबा, हे आकडे पाढ्यातलेच का येतात?’ आम्ही बेरजेचे सूत्र सांगावयास तोंड उघडले, तोच तिने आमचा हात धरून अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन बसविले. ‘इकडून तिरके बघा ना!’ पाहतो तो सात ठिपक्यांच्या सात सरळ ओळी! चौकोनच तो, टोकावर उभा केलेला. सूत्र आम्हास पाठ होते, दृष्टी तिने दिली.

पुढे आजीने चारापासून सातापर्यंत व परत चारावर अशी रांगोळी मांडली. एकोणपन्नास गृहीत धरून बसलेल्या मुलीस सदतीसच मिळाले, तेव्हा ती हिरमुसली. आजी म्हणाली, ‘अगं, वरचे नि खालचे टोक मी घातलेच कुठे?’ प्रत्येक टोकाचे एक, दोन, तीन मिळून सहा, दोन्हीचे बारा. वजाबाकी जुळली. असे उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्ही घालू शकलो नसतो.

छाप्यांविषयी आमच्या सौभाग्यवतींचे मत बरे नाही. भोकांच्या पत्र्यावरून पीठ फिरविले म्हणजे हाताची कला जाते, असे त्या म्हणतात. ते खरेही असेल. तथापि गणिताच्या दृष्टीने छापा मोठा गुणी. पुढील ओटी एका बाजूने ७२ इंच, दुसऱ्या बाजूने ६०. नऊ इंची छापा पहिल्या बाजूस बरोबर आठ वेळा बसतो, दुसरीस सहा वेळा बसून सहा इंच उघडे राहतात. मग दोन्ही बाजूंस न तुटता बसेल असा सर्वांत लांब छापा कोणता? दोन सुतळ्या घेतल्या. मोठीतून धाकटी वजा जाता बारा उरले. बाराने साठ पाच वेळा भरले. उत्तर बारा. मसावि या शब्दाचा उच्चारही झाला नव्हता. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) कुट्टकाच्या आरंभी परस्परभागाने अपवर्तनांक काढावयास सांगितले आहे, ते हेच. सहा इंची कमळ व आठ इंची वेल एकाखाली एक लावता त्यांच्या कडा चोवीस इंचांवर प्रथम जुळतात, हा झाला लसावि. मात्र छापा मुलाने स्वतः ठेवावा. वडील माणसाने सरकवून दिला की सारे फुकट.

लिहिताना एक मुलगा सारखा डोळ्यांपुढे येतो. सुताराच्या घरचा होता. पाढे चुकतो म्हणून आमच्या हातची छडी त्याने पुष्कळ खाल्ली आणि सहावीनंतर तो शाळेत दिसला नाही. बापाबरोबर फळ्या मापून चौकटी जुळविणाऱ्या त्या पोरास कोणत्या वाटेने गणित दाखवावे, हे आम्हास कधी सुचले नाही. सुचावयास पाहिजे होते. अनुभव कमी नव्हता.

असो. वार्षिक परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, म्हणून गुणांची बढाई मारीत नाही. पोट मात्र दुखावयाचे थांबले आहे. काल तिने देवघरापुढील जागा गवंड्याच्या टेपाने स्वतः मापली. ती साडेएकाहत्तर इंच भरली. बारा इंची छापा पाच वेळा ठेवून उरलेल्या साडेअकरा इंचांत सहावा कसा बसवावा, असे तिने आम्हास विचारले आहे. आजी म्हणते, अर्धा इंच हातानेच सावरून घ्यावा. नातीस ते मान्य नाही. तिला प्रत्येक छाप्याच्या वाट्यास किती येईल ते हवे आहे. तेव्हा उद्यापासून अपूर्णांक.