भंगारवाल्याची कसोटी

भंगारवाल्याला घरी बोलावले की तो आपल्या घरातील वस्तूंची न बोलता वर्गवारी करतो. रद्दी, पत्र्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या तराजूत जातात. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, सॉसच्या पुड्या आणि चहाचे कागदी कप यांना मात्र तो हातही लावत नाही. खाण्यापिण्याच्या वस्तूंचे वेष्टन निवडताना याहून सोपी कसोटी नाही. रिकामे झाल्यावर जे कुणी विकत घेत नाही, ते शेवटी कचरा डेपोत, नाल्यात किंवा आगीत जाते.

पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये संघटना उभारली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावातल्या तिन्ही वस्तूंपासून पुन्हा तीच वस्तू बनते, म्हणून त्यांना भाव मिळतो. चकचकीत पाकिटाचे तसे नाही. ते दिसायला एक असले, तरी त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर आणि बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. हवा, ओलावा आणि प्रकाश आत जात नाही, म्हणून वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. पण एकमेकांना चिकटलेले हे थर वेगळे करणे परवडत नाही. शिवाय एका पाकिटाचे वजन जेमतेम काही ग्रॅम. किलोभर माल जमवायला शेकडो पाकिटे वेचावी लागतील, तर ती कोण वेचणार? जिथे घंटागाडी येत नाही, तिथे ती पाकिटे उकिरड्यावर जाळली जातात आणि तो विषारी धूर शेजारच्या घरांत शिरतो.

याउलट दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिनची असते. वितळवून तिचे दाणे करता येतात. फक्त पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एवढे पथ्य पाळायला हवे. तो इवलासा तुकडा वर्गवारीत कुणाच्याच हाती लागत नाही आणि ओल्या कचऱ्यातून थेट मातीत जातो. कोपऱ्याला छोटी चीर द्यावी, तुकडा पिशवीलाच राहू द्यावा. रिकामी पिशवी विसळून वाळवली की झाले.

सर्वांत जास्त गैरसमज कागदी कपाबद्दल आहे. नुसता कागद गरम चहात टिकणार नाही, म्हणून कपाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचे अस्तर असते. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश तापमानाचे पाणी १५ मिनिटे ठेवले, तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण आढळले. या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून सुरू आहे. पण पोटात जायला नको असलेली वस्तू रोज दोन-चारदा प्यायची कशासाठी? वीस जणांच्या कार्यालयात प्रत्येकी दोन कप चहा धरला, तर पंचवीस दिवसांत एक हजार कप फेकले जातात. प्रत्येकाने टेबलावर स्वतःचा कप ठेवला, तर हा आकडा शून्यावर येतो.

टपरीवर काचेचा ग्लास नको वाटण्याचे कारण अस्वच्छता आहे आणि ती तक्रार खोटी नाही. एकाच बादलीत बुडवून काढलेला ग्लास धुतलेला नसतो. पण साबण आणि वाहते पाणी मिळाले, वरून कढत पाण्याने विसळला, तर तोच ग्लास वर्षभर चालतो. टपरीवर शेगडी पेटलेलीच असते. गरज आहे ती नळाची. हातगाड्यांच्या जागी पाण्याची सोय करणे हे महापालिकेचे काम आहे आणि कप उचलत बसण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल.

वेष्टन सरसकट वाईट नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. पिशवीबंद दूध टिकते, सीलबंद तेलात भेसळ करणे अवघड जाते. प्लास्टिक नको म्हणून वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेणे हा तर चुकीचाच उपाय. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा नियमांनी तशा वापरावर मनाई केली आहे. त्यापेक्षा घरातून डबा न्यावा. फरसाणाच्या दुकानात रिकाम्या डब्याचे वजन वजा करून माल द्यायला सांगितले, तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

पाकीटबंद घ्यायचेच असेल, तर मोठे घ्यावे. पाच रुपयांची दहा पाकिटे आणि त्यांच्याइतका माल असलेले एक मोठे पाकीट यांत वेष्टन लहान पाकिटांनाच जास्त लागते. मधल्या वेळेला मुलांच्या हाती पाकिटाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळे आले, तर कचऱ्याबरोबर मीठ आणि तेलही कमी होईल.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकचे स्ट्रॉ, कप, ताटल्या, चमचे बंद केले. बहुपदरी पाकिटे त्या यादीत नाहीत. भाजीवालीची पिशवी जप्त होते आणि तिच्या शेजारच्या दुकानात पाकिटांच्या माळा लटकत राहतात. विकलेल्या वेष्टनाची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी असल्याचे २०१६ चे नियम सांगतात. ती जबाबदारी कागदावर पूर्ण होऊन उपयोग नाही. कंपन्यांनी या पाकिटांना भंगारात भाव मिळेल अशी व्यवस्था केली, तर ती रस्त्यावर पडून राहणार नाहीत, कारण कचरावेचक ती उचलतील.

तोवर खरेदी करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे रिकामे झाल्यावर भंगारवाला घेईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरा पर्याय शोधावा. बहुतेक वेळा तो घरातल्या डब्यातच असतो.