विम्याच्या कागदावरचं बारावं कलम

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला आणि इंदूरच्या आपल्या बऱ्याच घरांत पॉलिसीचे कागद कपाटातून बाहेर आले. हप्ता स्वस्त झाला हे चांगलंच. पण त्याच कागदांत, न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत, 'एक्सक्लूजन 12' अशी एक ओळ असते. बहुतेक पॉलिसींत ती आहे. दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम, यांचा खर्च कंपनी देणार नाही, असा तिचा अर्थ.

यातला 'परिणाम' हा शब्द घरं बुडवतो. पोटात पाणी साठलं, रक्ताची उलटी झाली, की केस पेपरवर 'किती वर्षांपासून पितात' याची नोंद होते आणि तीच पुढे दावा नाकारायला पुरते. मग एफडी मोडायची, दागिने गहाण टाकायचे. यकृत प्रत्यारोपणापर्यंत गोष्ट गेली तर बोलायलाच नको.

कायदा मात्र वेगळं सांगतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारांतच धरल्या आहेत, आणि मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्या असं त्याच कायद्यात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे आम्हाला तरी उमगलेलं नाही.

हिशोबानंही ही वगळणूक पटत नाही. दारूनं वाढलेल्या रक्तदाबाचा किंवा घरातल्या घरात पडून मोडलेल्या खुब्याचा दावा ती ओळ दर वेळी अडवू शकत नाही. ते पैसे जातातच. उलट व्यसन सोडवण्याच्या गोळ्यांचा आणि समुपदेशनाचा महिन्याचा खर्च बहुधा खासगी आयसीयूच्या एका दिवसापेक्षाही कमी असतो. तरीही केंद्र सरकारच्या 2019च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळाल्याचं दिसलं. तंबाखूचं गणित तर आणखी उघड आहे: 2017-18च्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासानुसार अबकारी करात सरकारला 100 रुपये मिळतात, तेव्हा समाजाला 816 रुपयांचा भुर्दंड बसतो.

मध्य प्रदेश सरकारनं 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर धरून 19 धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. नवा पिणारा तयार होऊ नये म्हणून त्याचा थोडाफार उपयोग होईलही. ज्याला सकाळीच हात थरथरतात म्हणून घोट लागतो, तो तासाभराच्या बसनं इंदूरला येतो. त्याला दवाखाना हवा.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं; आधी डॉक्टर, मग माळ. इथे अडतं ते बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाच्या नावाला घाबरून. 'लोक काय म्हणतील' या भीतीत पाच वर्षं जातात, आणि खर्च वाढतो तो नेमका त्याच पाच वर्षांत. मराठीतून बोलणारी माणसं हवी असतील तर पुण्याचं मुक्तांगण आहे, 1986 पासून. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 मोफत आहे.

पॉलिसीचं नूतनीकरण करताना बाराव्या कलमाबद्दल कंपनीला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर मंडळाच्या कार्यालयात आणून द्या. पुरेशी उत्तरं जमली की आम्ही ती एकत्र करून विमा नियामकाकडे पाठवणार आहोत.